सुभेदार काका, त्या पाच बाटल्यांसाठी

आदरणीय सुभेदार काका,
सादर नमस्कार.

परवाच्या जिल्हा शालेय रायफल नेमबाजी स्पर्धेत आमच्या पोरीचा आठवा नंबर आला, हे तिनं तुम्हाला फोनवर सांगितलंच. पण तिथं आणखी एक गोष्ट घडली, ती तिनं सांगितली नसणार, म्हणून मी लिहायला बसले. तिच्या शेजारच्या लेनवर एक मुलगी होती. सराव सुरू व्हायच्या आधी तिच्या हातून एअर रायफलच्या शिशाच्या छर्र्यांची डबी निसटली आणि सगळे छर्रे फरशीवर सांडले. शिसं किती मऊ असतं ते तुम्ही आम्हाला दाखवलं होतंत. मागची घेराची कड जरा चेपली की छर्रा रायफलच्या नळीतून सरळ जात नाही. ती पोर नुसती बघत उभी राहिली, तिची आई वेचायला लागली. आमच्या पोरीनं बॅग उघडली, आपल्यातले छर्रे एकेक निवडून मोजले, कापसात गुंडाळले आणि तिच्या हातात दिले. मी गॅलरीतून बघत होते. तो कापूस बघितला आणि माझ्या डोळ्याला धारा लागल्या. हे सगळं तुमच्याकडून आलंय, काका.

मागचा काळ आमचा कसा गेला हे तुम्हाला थोडंफार माहीत आहे, सगळं नाही. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत ब्राँझ घेतलं, त्या दिवशी पोरगी शाळेतून आली ती दप्तर न काढता टीव्हीपुढं उभी राहिली. रायफल थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, ५० मीटर, ४५१.४ गुण. आकडे तिला अजून पाठ आहेत. कोल्हापूरकडचा माणूस जातो तर आपण का नाही, असा तिचा सरळ हिशोब. आम्ही दोघांनी हौस पुरवायची ठरवलं आणि तिथून फसत गेलो.

मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं पोरीला एक प्रश्नही विचारला नाही, तो माझ्या नवऱ्याच्या खिशाशी बोलत होता. 'ऑलिम्पिकवाली' म्हणून दुर्बीण बसवलेली रायफल गळ्यात मारली. एअर रायफलच्या दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही, हे आम्हाला घरी आल्यावर तीन महिन्यांनी कळलं. नेमबाजीचं जॅकेट दोन माप मोठं दिलं, वर म्हणाला, वाढत्या अंगाचं आहे, बसेल. काका, मी वीस वर्षं राजवाड्याजवळ शिवणकाम करते. माझ्या हातातून गेलेल्या कपड्याचा खांदा चुकत नाही, आणि मी ते जॅकेट मुकाट्यानं घेतलं, कारण समोरचा जाणकार आहे असं वाटलं. ती गोष्ट मला अजून लागते. सव्वीस हजार गेले. त्यात माझ्या सासूबाईंच्या पाटल्यांचे पैसे होते.

मग एका प्रशिक्षकांकडे गेलो. ते रायफलकडे बघून हसले. पोरगी शेजारी उभी होती, तिच्यासमोर हसले. आधी अडीच-तीन लाखांची परदेशी रायफल आणा, मग प्रवेशाचं बोलू, म्हणाले. येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली ती उतरेपर्यंत तशीच. घरी आल्यावर म्हणाली, आई, राहू दे आपलं. बारा वर्षांच्या पोरीनं 'राहू दे' म्हणणं आईला कसं ऐकवतं, हे मी त्या गृहस्थांना कधीतरी विचारणार आहे.

तुमचं नाव आमच्या गिऱ्हाइकाच्या सासऱ्यांनी सांगितलं. अपशिंगे मिलिटरी गावाला जा, तिथं एक रिटायर सुभेदार आहेत, गोठ्याच्या शेडमध्ये पोरांना शिकवतात. रविवारी आलो. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या ४६ जणांच्या स्मारकापाशी तुमचं घर विचारलं. मी आधीच मनाशी ठरवून आले होते की हे पण पैसेच मागणार.

तुम्ही आम्हाला बसा म्हणालात, काकूंनी चहा ठेवला, आणि तुम्ही पहिला शब्द बोललात तो पोरीशी. "बाळा, कुठं जड वाटतं?" तिनं मानेला हात लावला. तुम्ही तिला अंगणात नेलंत, देवळाच्या कळसावर अंगठा धर म्हणालात, एकदा हा डोळा मीट, एकदा तो. हात उजवा आणि नेम धरणारा जोरकस डोळा डावा निघाला. वर्षभर ती डावा डोळा घट्ट मिटून नेम धरत होती आणि रोज डोकं दुखतं म्हणत होती. मी तिला चष्म्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं! तुम्ही डाव्या डोळ्यापुढं पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी लावलीत, दोन्ही डोळे उघडे ठेव म्हणालात, आणि डोकेदुखी गेली.

मग म्हणालात, रायफल आत्ता घ्यायचीच नाही. रायफल उसनी चालते, जॅकेट उसनं चालत नाही. सहा महिने इथली वापरू दे, आधी तिच्या अंगाचं जॅकेट, हातमोजा आणि बूट करा. शाळेच्या स्पर्धेत ओपन साईटचा, म्हणजे साध्या उघड्या खाचेतून नेम धरायच्या रायफलींचा, वेगळा गट असतो, तिथून सुरुवात करायला लाज कसली? माझे यजमान दबकत म्हणाले, बंदूक घरात ठेवायची म्हणजे परवाना, पोलीस. तर तुम्ही शांतपणे सांगितलंत की ४.५ मिलीमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण कुलूप लागतं. ते कुलूप आमच्या कपाटाला त्याच संध्याकाळी बसलं. आणि टेप माझ्या हातात दिलीत. "माप तुम्ही घ्या ताई, तुमच्याइतकं मला कळायचं नाही." त्या सव्वीस हजारांनंतर मला माझ्या कामावर विश्वास परत दिलात तो असा.

पण हे पत्र त्या बाटल्यांसाठी आहे.

सहा महिन्यांनी तुमच्या जुन्या विद्यार्थ्याची वापरलेली रायफल मिळाली, तिचा हवेचा सिलिंडर तुम्ही उलटा करून तारीख वाचलीत, मुदत बाकी आहे म्हणालात, आणि आम्ही घेतली. राहिले छर्रे. दुकानात ५०० च्या डब्या, डझनभर प्रकार, ४.४९ मिलीमीटर, ४.५० मिलीमीटर, कुणाचं नाव मोठं, कुणाची किंमत मोठी. मी तुम्हाला फोन केला, काका, सगळ्यात चांगली डबी कुठली ती सांगा, एकदाच घेते. तुम्ही म्हणालात, सगळ्यात चांगली अशी नसते. प्रत्येक नळीची आवड वेगळी, एकाच कारखान्यातल्या दोन जुळ्या रायफलींची सुद्धा. पुढच्या रविवारी या.

आलो तर तुम्ही होमिओपॅथीच्या पाच रिकाम्या बाटल्या पुढं ठेवल्यात. प्रत्येकीत २० छर्रे. खाली कापूस, वर कापूस, एसटीत हिंदकळून कड चेपू नये म्हणून. वर औषधाच्या चिठ्ठीसारखे कागद चिकटवलेले, आणि त्यावर फक्त आकडे. १, २, ३, ४, ५. कंपनी नाही, किंमत नाही. मी विचारलं तर म्हणालात, किंमत कळली की डोळा महागाकडे ओढतो. पोरीला निवडू दे, निशाणाच्या कागदाला विचारून.

वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून तिनं पाच-पाच मारले. तुम्ही निशाणाचं कार्ड बदलत होतात आणि एक शब्द बोलत नव्हतात. पाच नंबरची भोकं चिंचोक्याएवढ्या जागेत पसरली. तीन नंबरचे पाचही छर्रे एकात एक गेले, भोक हरभऱ्याच्या दाण्याएवढं. पुन्हा मारले, पुन्हा हरभरा. तिनं कार्ड उजेडापुढं धरलं आणि म्हणाली, "ही माझी." मग तुम्ही सांगितलंत. पाच नंबर सगळ्यात महाग, तीन नंबर तिच्या निम्म्या किमतीची.

तुम्ही शेडमध्ये होतात तेव्हा काकू मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, दोन दिवस बसले होते हो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा, ताटात पांढरं फडकं पसरलेलं, भिंग आणि चिमटा. एकेक छर्रा फिरवून बघायचा, कड वाकडी दिसली की बाजूला. शंभर चांगले निघेपर्यंत उठले नाहीत. जेवायला हाक मारली तर म्हणाले, पोरीचा नेम चुकला तर तो तिचाच चुकलेला असावा, छर्र्याचा नको.

हे वाक्य मी मशीनवर बसले की रोज आठवते. त्या दुकानदाराला आम्ही सव्वीस हजार दिले, त्यानं पाच मिनिटं दिली नाहीत. तुम्हाला आम्ही भाजीची एक पिशवी दिली होती, तीही काकूंनी अर्धी परत भरून दिली. छर्र्यांचे पैसे विचारले तर तुम्ही हात धुवायला निघून गेलात, आणि तिकडून ओरडलात की शिसं आहे, तुम्ही पण साबणानं धुवा.

आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ ला कुस्तीसाठी हेलसिंकी ऑलिम्पिकला जायचं होतं, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले, हे आमच्याकडे पोरापोरांना माहीत असतं. मला लहानपणी वाटायचं, अशी माणसं त्या काळातच होती. आता पोरीला मी ती गोष्ट सांगते तेव्हा पुढं तुमची पण सांगते. घर आणि शंभर छर्रे यांचं मोल वेगळं आहे, मला कळतं. पण कुणाच्या तरी लेकरासाठी आपला वेळ असा मोजून, निवडून, कापसात ठेवून द्यायचा, हे दोन्हीकडे एकच आहे. माणूस इतकं साधं वागला तरी केवढं होतं. एका रविवारच्या प्रश्नानं माझी पोर परत ताठ उभी राहायला लागली.

आठव्या नंबरला ती रडली नाही. शेवटच्या दहा छर्र्यांत घाई केली, म्हणाली, आणि कुठल्या छर्र्याला श्वास चुकला तेही सांगितलं. नेम चुकला तो तिचाच होता, काका.

येत्या रविवारी आम्ही येतोय. काकूंच्या दोन चोळ्या शिवून झाल्यात, त्या आणते. बाटल्या गरम पाण्यानं धुऊन ठेवल्यात, पण औषधाला परत वापरू नका, त्यांत शिसं होतं. चारच मिळतील. तीन नंबरची तिनं मागून घेतलीय, परवा त्यात नवीन कापूस भरला आणि बॅगेत ठेवून दिली.

तुमची,
साताऱ्याची शिवणकामवाली ताई