धुराड्यांची वाट दाखवणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही, या अटीवर तुम्ही मला हे पत्र सगळ्यांसमोर लिहू दिलंत. अट पाळते. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते ग्रेट स्मोकी माउंटन्स हे अमेरिकेतलं डोंगराळ राष्ट्रीय उद्यान बघायला येणाऱ्या आपल्या सगळ्या माणसांना कळावं असं मला फार वाटतं. इथे टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आपण उद्यानातल्या केड्स कोव्ह खोऱ्यात नेतो, तिथली जपून ठेवलेली लाकडी घरं दाखवतो, अस्वल दिसलं तर फोटो काढतो आणि जेवायला घरी येतो. त्या डोंगरांत बाकी शेकडो घरांच्या जागा झाडीत बुडून गेल्या आहेत, हे मला तुमच्यामुळे समजलं.

मी इथे आले तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होते, नोकरी करायची परवानगी नव्हती. हिवाळ्यात घर खायला उठायचं. तुम्ही फोनवर फक्त विचारलंत, “चांगले बूट आहेत का? मग शनिवारी सातला तयार राहा.” काकूंनी बरोबर थालीपीठं दिली होती. आपण ग्रीनब्रायरच्या बाजूने ओल्ड सेटलर्स ट्रेलला लागलो. सुमारे १६ मैलांची ती वाट जुन्या वस्त्यांमधूनच जाते. हिवाळाच का, तेही तुम्ही चालता चालता सांगितलंत: पानं गळालेली असतात, लांबवर दिसतं आणि साप बिळात असतात.

मी धुराडं शोधत वर बघत होते. तुम्ही म्हणालात, “आधी झाडं बघ.” एकाच वयाचे, सरळसोट वाढलेले ट्युलिप पॉप्लर एकाच तुकड्यात दाटीने उभे दिसले, की ते कुणाचं तरी पडीक पडलेलं शेत. मग दगडांचे ढीग, म्हणजे नांगरताना वेचून काढलेले धोंडे. मग बांध. मग झरा, कारण घर पाण्यापासून लांब नसणार. आणि सगळं रान करडं झालेलं असताना एखाद्या ठिकाणी बॉक्सवुडचं हिरवं झुडूप किंवा युकाचे टोकदार पानांचे झुबके दिसले, तर तिथे अंगण होतं. मार्चमध्ये हे आणखी सोपं होतं. ऐन जंगलात ओळीने डॅफोडिल फुललेले दिसतात. ते तिथे आपोआप उगवत नाहीत, कुण्या बाईने दारापुढे कंद लावलेले असतात. घर गेलं, दार गेलं, ओळ तेवढी दर वसंतात उगवते.

त्या दिवशीचं पहिलं धुराडं मला अजून दगडान् दगड आठवतं. पुरुषभर उंचीच्या वर गेलेलं, वरचा भाग ढासळून शेजारीच पडलेला. नदीतले गोटे नव्हेत, डोंगरातले सपाट दगड, एकावर एक बसवलेले आणि सांध्यांत नुसती चिकणमाती. चुलीच्या तोंडावर एक लांब अखंड दगड आडवा टाकलेला. तुम्ही मला वाकून आत बघायला लावलंत. मागच्या भिंतीचे दगड आगीने लालसर पडले होते आणि वर, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे काजळी होती. इतक्या वर्षांनंतर! जरा पुढे पत्र्याचा कपडे धुण्याचा टब पालथा पडला होता, बूड गंजून गेलेलं आणि त्यातून नेचा उगवलेला. मी तो उचलून बघायला गेले, तर तुम्ही इतकंच म्हणालात, “त्यांचं सामान आहे, जिथल्या तिथे राहू दे.” राष्ट्रीय उद्यानातली वस्तू उचलणं हा गुन्हा आहे, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी माणसांचं सांगितलंत, कायद्याचं मागून. मला ते फार आवडलं.

जेवायला बसलो तेव्हा मी विचारलं, धुराडीच का उरली? घरं लाकडाची होती, बरीचशी चेस्टनटची. उद्यानासाठी जमिनी विकत घेतल्यावर जंगल पुन्हा जंगल व्हावं म्हणून बहुतेक घरं पाडली किंवा जाळली गेली. दगड तेवढे राहिले. उद्यान १९३४ साली स्थापन झालं, १९४० मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी न्यूफाउंड गॅप या खिंडीत त्याचं लोकार्पण केलं. रॉकफेलर कुटुंबाने ५० लाख डॉलर दिले, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनी पैसे घातले, शाळेतल्या पोरांनीही नाणी गोळा केली. या सगळ्यात हजाराच्या वर कुटुंबांना उठावं लागलं. लिटल ग्रीनब्रायरच्या वॉकर बहिणी मात्र हटल्या नाहीत. त्यांना हयातीपर्यंत राहण्याचा करार मिळाला आणि शेवटची बहीण १९६४ पर्यंत त्याच घरात राहिली. ते घर आजही उभं आहे. आणि या सगळ्यांच्याही आधी हे डोंगर इथल्या मूळ रहिवाशांचे, चेरोकींचे होते, १८३८ साली त्यांच्यातल्या बहुतेकांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेला हाकललं गेलं, हे तुम्ही कधीही सांगायचं सोडत नाही.

तुम्हाला हा नाद कसा लागला, हे काकूंनी मला सांगितलं. तुम्ही आयुष्यभर ओक रिजला नोकरी केलीत. ती जमीनही १९४२ मध्ये अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी काही आठवड्यांत रिकामी करून घेतलेली. व्हीट नावाच्या गावाचं चर्च तेवढं तिथे राहिलंय. त्या चर्चवरून रोज कामाला जाणारा माणूस असे प्रश्न विचारणारच.

उद्यानाच्या दक्षिणेच्या, फोंटाना धरणाच्या बाजूचं दफनभूमी साफ करण्याचं काम तर मी कधीच विसरणार नाही. ते धरण महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४४ मध्ये बांधलं. दफनभूमींकडे जाणारा जुना रस्ता पाण्याखाली गेला, नवा बांधून देऊ असं सरकारने वचन दिलं आणि काही मैल झाल्यावर, एका बोगद्यापाशी, काम थांबलं. शेवटी २०१० साली तिथल्या स्वेन काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, रस्त्याऐवजी ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचा समझोता झाला. रस्ता नाहीच. म्हणून तिथून उठलेल्या कुटुंबांचे वंशज आजही डेकोरेशन डेला बोटीने जलाशय ओलांडतात, चढ चढतात, पूर्वजांच्या थडग्यांवर फुलं वाहतात आणि तिथेच एकत्र जेवतात. तुमच्या ओळखीने त्यांनी मलाही बोटीत घेतलं. काही थडग्यांवर नाव नाही, नुसता रानातला दगड उभा केलेला. एका आजींनी माझ्या हातात फुलांचा गुच्छ दिला आणि सांगितलं, जिथे कुणी नसेल तिथे तू वाहा.

काका, माझ्या आजीचं गाव जावळी तालुक्यात होतं. कोयनेच्या शिवसागरात गेलं आणि माणसं सोलापूर जिल्ह्यात वसवली गेली. घरात त्याबद्दल बोलणं होतच नसे. तुमच्याबरोबर हिंडल्यावर मी मागच्या उन्हाळ्यात आईला आणि मामाला बसवून गावाचा नकाशा काढायला लावला: विहीर कुठे, देऊळ कुठे, कोणाच्या परसात फणस. आई जे सांगायला लागली, ते थांबेचना. मामाने तिच्या दोन चुका काढल्या, त्यावरून दोघं भांडलीसुद्धा. नकाशा आता मामाकडे आहे, फोटो तुम्हाला पाठवलाय. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा बामणोलीहून बोटीने जाऊन यायचं ठरलंय. आधी झाडं बघेन.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला चढ बंद केलेत, ठाऊक आहे. पण पोर्टर्स क्रीकचा पहिला मैल जुन्या गाडीरस्त्याचाच आहे, सौम्य चढाचा. दगडी बांध, पायऱ्या, दफनभूमी आणि मेसर यांचं जुनं गोठ्याचं कोठार, सगळं त्या मैलातच आहे. डॅफोडिल फुलले की मी गाडी घेऊन येते. या वेळी थालीपीठं मी आणीन, काकूंनाही घेऊन चला.

काकूंना सा. न.

तुमची,
ओल्ड सेटलर्स ट्रेलवरची विद्यार्थिनी