आबांची वही आणि माझं डाउनलोड्सचं फोल्डर

कोल्हापूर,
शुक्रवार, रात्री साडेदहा

प्रिय बाळ्या,

मंगळवारी दुपारी तुझे अकरा फोटो टणाटण येऊन पडले, तेव्हा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर सात-आठ माणसं उभी होती. आबांचा मृत्यूचा दाखला, तुझं आधार, काकूंचं आधार, त्यांच्या पेन्शनच्या पासबुकाचं पहिलं पान, तुझं पॅन, सातबारा, आठ-अ, आणि मधेच कुठल्यातरी लग्नात मठ्ठा पितानाचा तुझा फोटो. खाली एक ओळ : ‘वारस नोंदीला लागतंय ते घे, बाकीचं राहू दे तुझ्याकडं.’

अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवर भरलाय, पोच तुला पाठवलीय. तलाठ्याकडून काही आलं तर कळवतो. ते काम झालं. हे पत्र त्या ‘राहू दे तुझ्याकडं’बद्दल आहे. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू नेहमीचं म्हणाला असतास, ‘मर्दा, आपल्याकडं लपवण्यासारखं हाय तरी काय?’ आणि मी हसून विषय सोडला असता. म्हणून कागद घेतला.

माझ्याकडं राहिलेल्या कागदांचं काय होतं ते आधी ऐक. भाऊबीजेला फुलेवाडीला ताईकडं गेलो होतो. जेवणं झाल्यावर पोरांनी हट्ट धरला, रंकाळ्यावरचे फोटो टीव्हीवर लाव. लावले. भाचा फोनवर बोट सरकवतोय, टीव्हीवर फोटो सरकतायत. आमची धाकटी भेळ खाताना, बायको कठड्यावर, आणि पुढचा फोटो एका दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. त्रेचाळीस इंची पडद्यावर. नाव, वय, पत्ता, काय झालं होतं, कुठलं ऑपरेशन केलं, सगळं. आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईंचं होतं. विम्याच्या क्लेमसाठी प्रिंट काढायला त्यांनी व्हॉट्सॲप केलं होतं. प्रिंट दिली, वीस रुपये घेतले आणि विसरलो. फोन विसरला नव्हता. व्हॉट्सॲपवरनं आलेला प्रत्येक फोटो गॅलरीत जात होता आणि गॅलरी रोज रात्री मुकाट्यानं वर क्लाउडच्या ढगात चढत होती. भाच्यानं पुढं सरकवेपर्यंत चार सेकंद गेले असतील. तेवढ्यात ताईच्या सासूबाई चष्मा सावरत म्हणाल्या, ‘अगं बाई, हिला हे झालंतं व्हय? कुणाला बोलली नाही ती!’

बाळ्या, ती कुणाला बोलली नव्हती. तिचं मी बोललो.

त्या रात्री मला तुझे आबा आठवले. त्यांच्या किराणा दुकानातली ती लाल कापडी बांधणीची उधारीची वही आठवते का? आपण गोळ्या मागायला काउंटरला लोंबकळायचो, तेव्हा कुणाचा हिशेब चालू असला आणि दुसरं गिऱ्हाईक आलं, की आबा बोलता बोलता डावा तळहात पानावर ठेवायचे. वही मिटायची नाही, ओरडायचं नाही, नुसता तळहात. मिटली असती तर आलेल्या माणसाला वाटलं असतं, माझ्यापासून काहीतरी लपवतायत. त्या वहीत होतं तरी काय? गूळ, शेंगतेल, चहापत्ती, विडीकाडी. लपवण्यासारखं काही नाही. पण कुणाच्या घरात महिन्याच्या वीस तारखेला तेल संपतं हे शेजाऱ्याला कळू नये, एवढी अक्कल त्या चौथी शिकलेल्या माणसाला होती. माझ्याकडं बी.कॉम.ची पदवी आहे आणि दोन संगणक आहेत.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी संगणकातलं डाउनलोड्स फोल्डर उघडलं. तीन हजार आठशे बेचाळीस फायली. आधार, पॅन, मार्कलिस्ट, जातीचे दाखले, भाडेकरार, एका घटस्फोटाच्या अर्जाची प्रत. ऑगस्ट २०२५ मध्ये इथं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासनं वकिलांच्या कारकुनांचं कामही वाढलंय, त्यामुळं खटल्यांचे कागदसुद्धा. मी त्यातला एकही चोरला नव्हता. जो तो आपल्या हातानं देऊन गेला होता. पेपरात हॅकर, डार्क वेब असलं वाचून आपल्याला वाटतं, कुणीतरी काळा टोपीवाला येऊन कुलूप तोडतो. अरे, कुलूप कुठंय? दसरा चौकातल्या झेरॉक्सवाल्याच्या टेबलावर सगळं उघडं पडलंय, आणि संध्याकाळी सहा ते सात मी चहाला गेलो की तिथं पार्टटाइम पोरगा बसतो. पोरगा गुणी आहे. पण ते माझं नशीब, लोकांची सोय नव्हे.

ई-आधारच्या फाईलला पासवर्ड असतो म्हणून तू निर्धास्त असशील. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजी कॅपिटलमध्ये नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. आमच्या धंद्यात तो कुणी विचारतसुद्धा नाही. तोंडाकडं बघून ‘साल?’ एवढंच विचारायचं. मे २०२२ मध्ये आधारवाल्यांच्या बेंगळुरू कार्यालयानं एक पत्रक काढलं होतं. आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार द्या, नेट कॅफेत ई-आधार उतरवलं तर नंतर त्या संगणकावरनं कायमचं पुसा. देशभर गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत सरकारनं ते मागं घेतलं, म्हणे लोकांनी चुकीचा अर्थ काढला. मला विचारशील तर त्यातला नेट कॅफेचा भाग फ्रेम करून आमच्या भिंतीवर लावण्यासारखा होता. मास्क्ड आधार मात्र आजही मिळतं. आधारच्याच संकेतस्थळावरनं उतरवताना तसा पर्याय निवडायचा, पहिले आठ आकडे झाकले जातात, शेवटचे चार दिसतात. लॉजला, सोसायटीच्या गेटवर, सिनेमाच्या क्लबाला तेवढं पुरतं. कुणी अडवलंच तर विचार, पूर्ण नंबर कशाला पाहिजे. निम्मे लोक तिथंच गप्प होतात.

काकूंच्या बाबतीत एक काम मात्र याच आठवड्यात कर, बाकी सगळं विसरलास तरी चालेल. त्यांचं बायोमेट्रिक, म्हणजे आधारला जोडलेले अंगठ्याचे ठसे, लॉक कर. जमिनीच्या दस्तांवर अंगठे असतात, आणि २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्डवाल्यानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या दस्तांतनं ठसे उचलून त्यांचे रबरी अंगठे बनवले होते. त्यावर त्यानं लोकांच्या नावानं ढिगानं सिमकार्डं चालू केली. आता गावोगावी छोट्या मशीनवर आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी नाही, एटीएमचा पिन नाही. काकूंच्या आधारचा आणि पासबुकाचा फोटो तू मला दिलाच होतास, उरला फक्त अंगठा. आधारच्या अधिकृत ॲपमधनं लॉक होतं, लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. फक्त नोव्हेंबरात त्यांचा हयातीचा दाखला अंगठ्यानं करणार असशील तर अंगठा लावायच्या अगदी आधी आठवणीनं उघड, नाहीतर म्हातारीला मशीनसमोर बसवून तू मला शिव्या घालशील.

तू म्हणशील, आपल्या पेठेत तरी कुठं काय लपून राहायचं? कुणाच्या घरी पांढरा रस्सा केलाय ते वासानं कळायचं. खरंय. पण गल्लीला आपण तुकड्यातुकड्यानं माहीत असायचो. आबांना आपलं तेल माहीत, डॉक्टरांना आपलं पोट, तालमीतल्या वस्तादांना आपला आळस, आणि ही तिन्ही माणसं आपल्याविषयी बोलायला कधी एका टेबलावर बसत नव्हती. शिवाय आपल्यालाही त्यांचं सगळं माहीत असायचं. आता सगळे तुकडे एका दोऱ्यात ओवले जातात आणि तो दोरा म्हणजे तुझा मोबाइल नंबर. कापडदुकानात बिलाला नंबर, औषधाच्या दुकानात नंबर, मिसळ खाऊन उठताना ‘सर, फीडबॅकसाठी नंबर’. खर्डा तिखट होता हे सांगायला त्याला माझा नंबर कशाला हवा? २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयानं दुकानदारांना कळवलंय, बिलासाठी नंबरची सक्ती करू नका. मी आता सरळ ‘नंबर नाही’ म्हणतो. फोन हातात धरून म्हणतो, तरी चालतं.

इंटरनेटवर हे ओवण्याचं काम कुकी करते, म्हणजे संकेतस्थळानं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुलीनं ती काढली ती भल्या कामासाठी, गिऱ्हाईकानं टोपलीत काय टाकलं ते पुढच्या पानावर दुकानाला आठवावं म्हणून. नंतर जाहिरातवाल्यांनी तिचं केलं भलतंच. समज, तू महाद्वार रोडला चप्पल बघायला गेलास आणि बाहेर पडताना एका पोरानं तुझ्या पाठीला हळूच चिठ्ठी चिकटवली. पुढच्या प्रत्येक दुकानात तोच पोरगा उभा, चिठ्ठी वाचतो आणि एक ओळ वाढवतो. माझ्या दुकानातल्या संगणकाची पाठ तर बघण्यासारखी आहे. त्यावर मी गिऱ्हाइकांसाठी पोलीस भरती शोधतो, मूळव्याधीचं औषध शोधतो, ट्रॅक्टरचं कर्ज, मुलींची वसतिगृहं शोधतो. जाहिरातवाल्यांच्या लेखी मी मूळव्याध झालेला, गरोदर, भरतीची तयारी करणारा शेतकरी आहे. मला तो संगणक आवडायला लागलाय. घरचा फोन मात्र माझ्याविषयी इतकं बरोबर ओळखतो की अंगावर काटा येतो.

आता दुकानात मी काय बदललं ते सांगतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला इनकॉग्निटो खिडकी उघडून देतो. तिनं माणूस अदृश्य होत नाही, नेटवाल्याला आणि त्या संकेतस्थळाला सगळं दिसतंच, पण खिडकी बंद केली की लॉगिन मागं उरत नाही, मागच्या माणसाचा मेल पुढच्याला दिसत नाही. कुणी व्हॉट्सॲप वेब जोडलं तर जाताना त्याच्याच फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तोडायला लावतो. तूही आत्ता ते उघडून बघ, तुझ्या ऑफिसातला जुना संगणक अजून लटकत असणार, पैजेवर सांगतो. माझ्या व्हॉट्सॲपची ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केलीय, त्यामुळं आलेलं गॅलरीत जात नाही. दुकानाच्या नंबरला चोवीस तासांनी निरोप आपोआप पुसले जातील असं लावलंय. आणि रात्री शटर ओढायच्या आधी डाउनलोड्स रिकामं, रिसायकल बिनसकट. पहिल्या आठवड्यात दोघं जण भांडले, ‘गेल्या महिन्यातलं माझं आधार काढ की पटकन, तुझ्याकडं असंल!’ नाही म्हणताना जड गेलं. सोय हीच तर आमची भाकरी.

तुझ्याकडनं एकच शिस्त हवी. पुन्हा कुणालाही कागद पाठवशील तेव्हा झेरॉक्सवर आडवं लिही, कशासाठी आणि कुठल्या तारखेला दिलंय. ते काम झालं की ‘डिलीट फॉर एव्हरीवन’. दोन-अडीच दिवसांनी ती सोय जाते, तेवढ्याच्या आत. आणि लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाईल, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणारी फाईल, आली तर उघडू नको, मग ती सख्ख्या मामाच्या नंबरावरनं का आलेली असेना. पत्रिका हा फोटो असतो किंवा पीडीएफ, तिला इन्स्टॉल करायची गरज नसते. गेलेच पैसे, तर रडत बसायच्या आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुट्टस्वामी नावाच्या निवृत्त न्यायाधीशांनी २०१२ मध्ये, ऐंशी पार केल्यावर, आधारविरुद्ध अर्ज केला होता, त्यातनं हे निघालं. २०२३ मध्ये त्याचा कायदाही झाला. चांगलंच आहे. पण त्या बाईंचं कार्ड टीव्हीवर आलं तेव्हा खोलीत कोर्ट नव्हतं, मी होतो.

आबांनी दुकान बंद केलं त्या वर्षी मी गुढीपाडव्याला तुमच्याकडं आलो होतो, आठवतं? न्हाणीघरात बंब पेटवला होता आणि आबा वहीची पानं एकेक करून त्यात घालत होते. काकू म्हणाल्या, ‘अहो, अजून येणं आहे त्यात लोकांचं.’ आबा म्हणाले, ‘असू दे. माझ्यामागं कोण वाचत बसणार ते मला काय ठावं?’ त्या दिवशी मला वाटलं होतं, म्हातारा येडा झाला.

त्या बाई काल पुन्हा आल्या होत्या, क्लेमचा आणखी एक कागद घेऊन. ‘दादा, मागचं कार्ड आहे ना तुमच्याकडं, त्यातनंच काढा.’ नाही म्हटलं, पुसलं. त्या म्हणाल्या, ‘बरं केलंत,’ आणि पर्समधनं मूळ कार्ड काढून दिलं. मी झेरॉक्स काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. त्यांनी विचारलं, का हो? मला सांगता आलं नाही. ताईच्या सासूबाईंना मी हात जोडून सांगितलंय, पण त्यांची भिशी त्याच गल्लीत आहे. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या बाईंच्या घरी जाणार आहे. काय बोलायचं ते अजून जुळत नाही.

काकूंना नमस्कार सांग. मूळ कागद घेऊन पुढच्या महिन्यात ये, तलाठ्याकडं सोबत जाऊ आणि संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर दूध पिऊ.

तुझा,
दत्ता

ता.क. : तुझे दहा फोटो पुसलेत, तुझ्या बाजूनंही पूस. मठ्ठ्याचा ठेवलाय. आणि फेसबुकवर जन्मतारीख सालासकट लावून ठेवलीयस ती काढ. नाव तर गावाला माहीत आहेच, पासवर्डला आणखी काय लागतं?