धुरे पेटवू नका

महोदय,

उन्हाळवाहीच्या, म्हणजे उन्हाळी मशागतीच्या दिवसांत उमरेड, भिवापूर, कुही भागात शेतांचे धुरे, म्हणजे बांध पेटवले जातात. काडीकचरा जळतो, धुरा साफ दिसतो. पण नेमकी याच दिवसांत तितराची मादी जमिनीवर अंडी घालते. बोरीच्या झुडपाखाली उथळ खड्डा, त्यात थोडे वाळके गवत, एवढेच तिचे घरटे. आगीतून ते वाचणार कसे? उरलेले गवत पावसाळ्यात तणनाशक संपवते.

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये झाले, चांगलेच झाले. मात्र ससा, मुंगूस, तितर, लावा यांचा मुक्काम आपल्या तुरी-कपाशीच्या धुऱ्यावरच असतो. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पीक फस्त करतात, त्याची भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. पण त्याची शिक्षा तितराला का? शिवाय उंदीर खाणारे पिंगळे, धामण याच धुऱ्यांवरच्या पळस-बाभळीच्या आसऱ्याने राहतात.

काडीकचरा शेताच्या कोपऱ्यात कुजवता येतो, त्याचे खत होते. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे कृषी सहायक) खरीपपूर्व सभेत बियाणे-खतांसोबत हेही आवर्जून सांगावे, ही विनंती.

– एक शेतकरी, ता. भिवापूर, जि. नागपूर