गव्हाच्या पिशवीवर मुलूख लिहा

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी वैजापूर तालुक्यातली शेतकरी. विहिरीच्या पाण्यावर दरवर्षी अडीच एकर गहू करते. गेल्या रब्बीत दुकानातून गव्हाच्या नवीन वाणाच्या बियाण्याच्या पिशव्या आणल्या. पंजाबात याला विक्रमी उतारा पडतो, असं सांगून त्या विकल्या गेल्या. पीक दिसायला झकास होतं, हिरवंगार, कमरेच्या वर गेलेलं. शेजारच्या वावरातला गहू निसवून ओंब्या बाहेर आल्या तरी आमच्या ओंब्या अजून पानांच्या आत, पोटरीतच होत्या. फेब्रुवारी सरत आला, ऊन चटकायला लागलं, तेव्हा आमचे दाणे कुठे चिकात आले होते. मग दहा-बारा दिवसांत सगळं रान पिवळं पडलं. एरवी एकरी तेरा-चौदा क्विंटल होतात, या वेळी सात झाले. सासूबाईंनी पहिला गहू सुपात घेतला आणि पाखडता पाखडता थांबल्या. दाणा बारीक, सुरकुतलेला, पोचट.

वाण वाईट होतं असं मी म्हणणार नाही. ते इथलं नव्हतं, एवढंच.

एचडी 2967 चं उदाहरण घ्या. पंजाब-हरियाणात नाव कमावलेलं हे वाण तिकडे पक्व व्हायला 140 दिवसांच्या वर घेतं. तिथे थंडी लांबते, त्यामुळे फुटवे धरायला, मुळं खोल जायला आणि मग सावकाश दाणा भरायला त्याला वेळ मिळतो. आमची थंडी डिसेंबर-जानेवारीची, आणि मध्येच ढगाळ वातावरणाने तुटणारी. उष्णता वाढली की गहू घाई करतो. दाणा भरण्याचे दिवस आखडतात आणि पारा तिशीच्या पुढे गेला की दाण्यात पिष्ट (स्टार्च) साठण्याची क्रिया मंदावते. म्हणून इथे गव्हाला लवकर निसवणं आणि ऊन चढायच्या आत दाणा भरून घेणं जमलं पाहिजे. त्यात कापूस नाहीतर कांदा निघेपर्यंत आमची पेरणी लांबते. वेळ टळल्यावर प्रत्येक पंधरवड्याला एकरी सुमारे एक क्विंटल उत्पन्न घटतं, हे कृषी विद्यापीठच सांगत आलं आहे. अशा रानात 140 दिवसांचं वाण टाकलं तर काय होणार?

गव्हावर बुरशीमुळे पडणाऱ्या तांबेरा रोगाचंही तसंच. वनस्पतिरोगशास्त्रज्ञ डॉ. के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं होतं की, मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू जगत नाहीत. ते डोंगरात तग धरतात आणि वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येतात. काळा तांबेरा आपल्याकडे दक्षिणेतल्या निलगिरी-पळणीच्या डोंगरांकडून येतो. उत्तरेची मोठी चिंता पिवळ्या तांबेऱ्याची असते. तिकडच्या पैदासकाराने, म्हणजे वाण तयार करणाऱ्याने, तिकडच्या शत्रूशी लढायला घडवलेलं वाण आमच्या शत्रूपुढे टिकेलच, याची हमी कोण देणार? महाबळेश्वरला गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) संशोधन केंद्र आहे ते याच कामासाठी.

परक्या मुलखातला गहू इथे येऊच नये, असं माझं म्हणणं नाही. 1966 मध्ये आपण मेक्सिकोहून मुख्यतः लेर्मा रोहो वाणाचं 18,000 टन बियाणं आणलं. ते इथे रुजलं, कारण गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत एकाच वर्षात एक पिढी सोनोराच्या सखल रानात आणि पुढची तोलुकाच्या उंच पठारावर वाढवून, दिवस लहान असो की मोठा, फुलणारी रोपं निवडली होती. आणि तरीही आपल्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकन वाणांतून पुन्हा निवड करून कल्याणसोना घडवलं, तेव्हा तो गहू आपला झाला. लोक-1 गुजरातच्या सणोसऱ्यातलं, पण तिथेही ऊन लवकर चढतं, म्हणून महाराष्ट्राने ते वर्षानुवर्षं पेरलं. म्हणजे बियाणं किती लांबून आलं यापेक्षा ते कोणत्या हवेत पारखलं गेलं, हे महत्त्वाचं.

आणि इथल्या हवेत पारखलेले वाण आपल्याकडे आहेत! नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने त्र्यंबक, तपोवन दिले, उशिराच्या पेरणीलाही चालणारं फुले समाधान दिलं, कमी पाण्यासाठी नेत्रावती दिलं. पुण्याच्या आघारकर संस्थेचं एमएसीएस 6478 सुमारे 110 दिवसांत येतं, आणि सातारा जिल्ह्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांनी त्याचं चांगलं उत्पन्न काढून दाखवलं आहे. पण मी पेरणीआधी तालुक्यात तीन दुकानं फिरले, यातलं एकही नाव मिळालं नाही.

2022 च्या मार्चमध्ये उत्तरेत अवेळी उष्णता आली, दाणा आखडला आणि 13 मे रोजी केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. त्यांच्यावर त्या साली जे ओढवलं, ते कमीअधिक प्रमाणात आमच्यावर दर फेब्रुवारीत ओढवतं. निफाडमध्ये उष्णतेवर होणाऱ्या कामाला पैसा कमी पडू देऊ नका. उद्या ते पंजाबच्याही उपयोगी पडेल.

1966 च्या बियाणे कायद्यातच वेगवेगळ्या राज्यांसाठी आणि भागांसाठी वेगवेगळे वाण अधिसूचित करण्याची सोय आहे. मग वाण कोणत्या विभागासाठी शिफारस केलेलं आहे, ते पिशवीवर मराठीत, ठळक अक्षरांत का नसावं? 'वायव्य मैदानी प्रदेशासाठी' एवढे तीन शब्द दिसले असते तर मी ती पिशवी परत ठेवली असती. पेरणीची वेळ आणि पक्वतेचे दिवसही तिथेच हवेत. केंद्र सरकारशी बोलायचं असेल तर आपण बोला, पण तोवर दुकानात तसा फलक लावायला कृषी विभाग सांगू शकतो.

दुसरं, निफाड आणि पुण्याच्या वाणांचं बियाणं दसऱ्यापर्यंत तालुक्याला पोचवा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी करायची असते. डिसेंबरात आलेलं चांगलं बियाणं आमच्या काही कामाचं नाही.

यंदा मी अर्ध्या एकरात तपोवन आणि अर्ध्या एकरात फुले समाधान शेजारी शेजारी पेरणार आहे. बियाण्यासाठी निफाडला जाऊन येईन. आपल्या विभागाच्या अधिकाऱ्यांनी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या बांधावर यावं आणि ओंबी हातावर चोळून दाणा स्वतः बघावा, ही विनंती.

आपली,
वैजापूर तालुक्यातील एक गहू उत्पादक शेतकरी