बाजार शिक्षा करतो म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला सिनेटर रँड पॉल यांच्यावरचा अर्धपानी लेख वाचला. वाचून बाजूला ठेवला, जेवले, पुन्हा उघडला, आणि आता पहाटे चारला लिहायला बसले आहे. मी केंटकीत ३७ वर्षं राहते. मी मत दिलेलं नसलं तरी हे गृहस्थ पुढची सहा वर्षं माझेही सिनेटर आहेत. तेव्हा चार ओळी लिहायचा हक्क मला आहे असं समजते.

आधी किरकोळ. तुम्ही छापलेला फोटो त्यांचा नाही. तो त्यांच्या वडिलांचा, टेक्सासचे काँग्रेस सदस्य रॉन पॉल यांचा आहे. पंचाहत्तरीच्या गृहस्थांच्या फोटोखाली ‘तडफदार तरुण नेतृत्व’ अशी ओळ बसवताना कुणाचाच हात अडखळला नाही? दुसरं, आयन रँड या लेखिकेवरून त्यांचं नाव ठेवलेलं नाही. पाळण्यातलं नाव रँडल, घरी रँडी म्हणत, पुढे बायकोने त्याचं रँड केलं. मराठी माणसाला रँड म्हटलं की १८९७चं पुणं आणि चापेकर आठवतात. तो प्लेगचा रँड सोजिरांना घेऊन लोकांच्या माजघरात शिरायचा आणि हा म्हणतो, सरकारने उंबऱ्याच्या आत पाऊलच टाकू नये. हा योगायोग तुमच्या लेखकाला सुचला असता तर लेख निदान वाचनीय तरी झाला असता.

तिसरं, त्यांना ‘उदारमतवादी’ म्हटलंय. केंटकीत कुणी त्यांना तोंडावर लिबरल म्हणून बघावं! इथे ती शिवी आहे. ते आहेत लिबर्टेरियन, म्हणजे पोलीस, सैन्य आणि कोर्टं सोडून सरकारने कशातच हात घालू नये असं मानणारा. जुन्या वाचकांना राजाजींचा स्वतंत्र पक्ष आठवत असेल. साधारण त्या वाटेवरचंच, पण बरंच पुढे गेलेलं.

लेखात गेल्या आठवड्यातल्या सुनावणीचं फार कौतुक आहे. ऊर्जा खात्याच्या एका अधिकारी बाईंना सिनेटर साहेबांनी समितीपुढे सुनावलं की तुमच्या नियमांमुळे माझ्या घरचे संडास वीस वर्षं धड चालत नाहीत. नियम १९९२चा, एका फ्लशला १.६ गॅलन, म्हणजे सहा लिटर पाणी. माझ्या घरी त्याच मापाचा आहे आणि उत्तम चालतो, पण ते असो. वीज वाचवणाऱ्या बल्बच्या नियमावरून त्याच बाईंना त्यांनी आणखी एक टोमणा मारला. गर्भपाताच्या बाबतीत बाईला निवड हवी म्हणता, मग मला माझा बल्ब निवडू द्यायला काय हरकत आहे? तुमच्या लेखकाला हे ‘हजरजबाबी’ वाटलं. मला एवढंच सांगा, हे सिनेटर स्वतः गर्भपाताच्या विरोधात आहेत हे त्यांना ठाऊक आहे का? म्हणजे बल्ब निवडायला मोकळीक, फ्लश निवडायला मोकळीक, आणि बाईचा विषय आला की सरकार खुशाल घरात. उंबरठा मग कुठे गेला?

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण रंगावरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा विषय लेखात ‘एका मुलाखतीवरून उठलेलं वादळ’ एवढ्यावर उरकलाय, ते घशाखाली उतरत नाही. एका मुलाखतीचा प्रश्नच नव्हता. आधी गेल्या एप्रिलमध्ये ते आमच्याच लुईव्हिल शहरातल्या वर्तमानपत्राच्या संपादकांसमोर बोलले. मग मे महिन्यात रिपब्लिकन पक्षातली पक्षांतर्गत निवडणूक जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी टीव्हीवर रेचल मॅडो यांच्या कार्यक्रमात तेच पुन्हा बोलले. सरकारी भेदभाव बंद केला ते चांगलंच झालं, पण खासगी मालकाला त्याच्या दुकानात कोण यावं हे सरकारने सांगावं का, हा त्यांचा प्रश्न. आरडाओरडा झाल्यावर सारवासारव केली, मी असतो तर कायद्याच्या बाजूनेच मत दिलं असतं म्हणाले. आणि त्याच्याही आधी, २००२ साली, त्यांनी केंटकीतल्याच बोलिंग ग्रीन गावच्या पेपरात संपादकांना पत्र लिहिलं होतं. होय, माझ्यासारखंच, वाचकाचं पत्र! स्वतंत्र समाजाला खासगी भेदभाव सहन करावा लागतो, अगदी कातडीच्या रंगावरून केलेलासुद्धा, असा त्याचा मथितार्थ. विषय होता घरं भाड्याने देण्याचा कायदा.

आता घरांचं निघालंच आहे तर सांगते.

१९७४चा ऑक्टोबर. मला सातवा महिना. आम्ही एका खोलीत राहत होतो, खाली धोबीखाना, रात्रभर यंत्रांची घरघर. आमच्या ह्यांनी जाहिरात बघून फोन केला. आठ बिऱ्हाडांची दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या. मालक फोनवर अगदी गोड. आमचं आडनाव त्याला इटालियन वाटलं असावं. लगेच या म्हणाला. पाकिटात महिन्याचं भाडं घालून दोन बस बदलून गेलो. त्याने दार उघडलं, आमच्याकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाला, “अरेरे, तासाभरापूर्वीच गेली हो जागा.” आवाजात दिलगिरी अगदी खरी वाटावी अशी. आमच्या ह्यांनी तर त्याला धन्यवादसुद्धा दिले. बसमध्ये बसेपर्यंत मलाही काही कळलं नाही.

पण ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी अंगणातून हलली नाही. माझी रोजची बस त्याच रस्त्याने जायची. मी मोजत होते. अकरा दिवस.

तुमच्या लेखात एक वाक्य आहे की भेदभाव करणाऱ्याला बाजार आपोआप शिक्षा करतो, कारण तो गिऱ्हाईक गमावतो. बरोबर. अकरा दिवसांचं भाडं त्याने गमावलं. हीच ती शिक्षा असेल तर त्याने ती आनंदाने भोगली. बाकीच्या सात बिऱ्हाडांतल्या एकानेही त्या कारणासाठी घर सोडलं नाही, उलट बरेचजण बहुधा त्याच कारणासाठी तिथे राहत होते. बाजारात गिऱ्हाईक म्हणून फक्त मी नव्हते ना, तेही होते! पाचेक वर्षांत त्या गृहस्थाने शेजारची इमारतही विकत घेतली.

बाराव्या दिवशी ह्यांच्या कामावरच्या एका काळ्या सहकाऱ्याने राज्याच्या मानवी हक्क आयोगाचं नाव सांगितलं. आम्हाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. केंटकीने १९६६ साली स्वतःचा नागरी हक्क कायदा केला आणि १९६८ साली घरांचा, दक्षिणेतल्या राज्यांत सगळ्यांत आधी. त्याच्या आदल्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग घरांसाठीच्या मोर्चांत लुईव्हिलला आले होते. आयोगातल्या बाईने आमची हकीकत उतरवून घेतली आणि एका गोऱ्या जोडप्याला तीच जागा बघायला पाठवलं. त्यांना जागा रिकामी होती. एक तारखेपासून या म्हणाला. मग आयोगाचं पत्र गेलं आणि आठवड्यात आमच्या हातात किल्ली आली.

आम्ही घेतली ती जागा. अभिमान बिभिमान बाजूला ठेवला, नोव्हेंबरची थंडी आली होती आणि मला बाळंतपणाआधी गरम पाण्याचा नळ हवा होता. चार वर्षं राहिलो. मालक दर शनिवारी खिडकीखाली गवत कापायचा, मान वर करायचा नाही. भाडं दाराच्या फटीतून आत सरकवायचं. चार वर्षांत एक शब्द नाही. काही खलनायक वगैरे नव्हता हो, देवभोळा होता, चर्चला देणगी द्यायचा. त्याच्याशी तत्त्वचर्चा करून मला जागा मिळाली नसती. पत्र गेलं म्हणून मिळाली.

आता सिनेटर साहेबांचं उदाहरण घ्या. ते डोळ्यांचे डॉक्टर. त्यांच्या व्यवसायातल्या खासगी मंडळाने ठरवलं की १९९२नंतरच्या डॉक्टरांनी दर दहा वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यायची, जुन्यांना माफ. हा तरुणांवर अन्याय आहे असं त्यांना वाटलं. माझंही मत तेच आहे. मग त्यांनी काय केलं? स्वतःचं मंडळ काढलं! बायको उपाध्यक्ष, सासरे सचिव. तत्त्वाला धरून आहे, हे कबूल. पण मी काय करायला हवं होतं? सातव्या महिन्यात स्वतःचं लुईव्हिल काढायचं?

जानेवारीत त्यांनी एका वर्षात ५०० अब्ज डॉलरची कपात करणारं विधेयक मांडलं. लेखकाने त्याला ‘धाडसी’ म्हटलंय. त्यात संघराज्याचं गृहनिर्माण खातं सगळंच्या सगळं बंद आहे. आजही घर नाकारल्याची तक्रार ज्या खात्याकडे करतात तेच हे खातं. एरवी मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचे, पैसे घेणाऱ्या डॉक्टरांची फी कापायची वेळ आली तेव्हा, डॉक्टरांना सुखाने जगता आलं पाहिजे असं याच सिनेटरांनी प्रचारात सांगितलं होतं. सुखाने जगता आलं पाहिजेच. सगळ्यांनाच.

मी काही आंधळी विरोधक नाही. फेब्रुवारीत पेट्रियट कायद्याच्या (२००१च्या हल्ल्यांनंतर सरकारला पाळत ठेवायची मोकळीक देणारा कायदा) मुदतवाढीविरुद्ध मत देणारे त्यांच्या पक्षाचे दोनच सिनेटर निघाले, त्यांतले हे एक. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. माझा मुलगा याच शहरात जन्मलेला, आणि २००१नंतर विमानतळावर दर वेळी ‘सहज’ म्हणून बाजूला घेतला जातो. तिथे त्यांना सरकारचा हात दिसतो. घरमालकाचा हात मात्र त्यांना दिसत नाही.

त्यांचं सिनेटमधलं पहिलं भाषण ऐकलं का तुमच्या लेखकाने? तडजोडी करणाऱ्या, एकोणिसाव्या शतकातल्या केंटकीच्या सिनेटर हेन्री क्लेपेक्षा गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला त्याचा नातलग कॅशियस क्ले मला जवळचा, असा त्याचा सूर होता. भाषण चांगलं होतं. (मुहम्मद अलीचं मूळ नाव त्या क्लेवरून आलेलं, आणि अली आमच्या लुईव्हिलचा.) या क्लेने १८४५ साली लेक्सिंग्टनमध्ये गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्र काढलं आणि कचेरीच्या रक्षणासाठी दोन तोफा आणून ठेवल्या. तो तापाने अंथरुणाला खिळलेला असताना गावातल्या लोकांनी छापखाना उचकटून सिनसिनाटीला पाठवून दिला. ते सगळे खासगी नागरिकच होते. सिनेटर साहेबांनी हा भाग जरूर वाचावा.

तुमच्याकडे तोफा नाहीत हे माहीत आहे, पण निदान फोटो तपासणारा एक माणूस ठेवा. आणि लिहितेच आहे तर, शनिवारच्या शब्दकोड्याची उत्तरं महिनाभर छापलेली नाहीत. उभे शब्द क्रमांक सात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. डिसेंबरात मी पत्र पाठवलं होतं, ते निम्मं कापून छापलंत आणि उरलेल्या अर्ध्याचा अर्थ उलटा झाला. या वेळी कापायचंच असेल तर संडासाचा भाग कापा, घराचा ठेवा.

आपली,
एक जुनी वाचक
लुईव्हिल, केंटकी
१६ मार्च २०११

ता. क. : नाव छापू नये. मालक केव्हाच वारला, पण त्याची मुलगी माझ्याच रस्त्यावर राहते आणि बर्फ पडलं की न सांगता माझ्याही दारासमोरचं काढते. तिला यातलं काही ठाऊक नाही.