बंदर खुलं करायचंय, तर आधी आम्हालाच का हाकलता?

मा. केंद्रीय बंदरमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी आमच्या दारावर घर खाली करण्याची नोटीस डकवली गेली. खळ ओलीच होती. आईने दार लोटलं तर कागदाची कड तिच्या पदराला चिकटली. आम्ही म्हणे अनधिकृत! वडिलांनी उभा जन्म गोदीत हूक मारून गोणी उचलल्या. उजवा हात खांद्याच्या वर जायचा नाही, शर्ट आईच चढवायची. भाड्याच्या जुन्या पावत्या तिने पत्र्याच्या पेटीत जपल्यात. त्या घेऊन गेलो, तर टेबलापलीकडच्या साहेबांनी पुडकं सोडूनही पाहिलं नाही.

मंत्रिमहोदय, हे मुंबई बंदर कुणी उभं केलं? १८७३ मध्ये बंदराचा कारभार पाहणारा पोर्ट ट्रस्ट आला, १८८० ला प्रिन्सेस डॉक ही गोदी, १८८८ ला व्हिक्टोरिया, १९१४ ला अलेक्झांड्रा. समुद्रात भराव पडला तो कोकणातून, घाटावरून आलेल्यांच्या डोक्यावरच्या पाट्यांतून. १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. एकाच जहाजात कापूस आणि स्फोटकं भरण्याची अक्कल वरच्यांची, मेले खालचे. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांचं स्मरण दरवर्षी होतं, व्हायलाच हवं. पण गोदीतले हमाल नक्की किती गेले, यावर आजही एकमत नाही.

१९८९ ला न्हावा-शेवाचं नवं बंदर सुरू झालं, कंटेनर खाडीपलीकडे गेले आणि इकडच्या घरांतल्या चुली मंदावल्या. मग २०१४ मध्ये बंदराच्या जमिनीचं काय करायचं ते ठरवायला राणी जाधव समिती, २०१८ मध्ये आराखड्याचा मसुदा: पूर्व किनारा मुंबईकरांना खुला होणार, बागा होणार, पाण्याकाठी फिरायला मिळणार. आम्हीही टाळ्या वाजवल्या. आमची मुलं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाढली आणि त्यांना दिसली फक्त बंदराची भिंत. ती भिंत अजून उभी आहे, तिच्याअलीकडची आमची घरं मात्र आधी पडणार!

गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. कामगाराच्या नावाने योजना, टॉवर दुसऱ्याचे. सरकार कुठलंही येवो, नकाशा काढणाऱ्याला वस्ती दिसतच नाही.

नोटिसा थांबवा. सुनावणी वस्तीत घ्या, नकाशावर आमची चाळ दाखवा आणि पुनर्वसन इथेच, याच किनाऱ्यावर करण्याचं लेखी द्या. तोंडी आश्वासन आता आई ऐकून घेत नाही.

आपला,
एका गोदी कामगाराचा मुलगा
दारुखाना, मुंबई