सोमवारची फायनल, तुमची मंगळवारची पहाट

ब्लूमिंग्टन (अमेरिका)
रविवार, ११ डिसेंबर २०२२

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

दादा याची प्रिंट काढून देईल. अक्षर मोठं ठेवायला सांगितलंय, बाबांनी डोळे ताणायचे नाहीत.

शुक्रवारी रात्री, म्हणजे तुमच्या शनिवारी सकाळी, आमच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ फायनलला गेला म्हणून मी फोनवर ओरडले त्याबद्दल आधी माफी. आई, तुला वाटलं घरात कुणाचं काहीतरी झालं. नंतर तू चिडून म्हणालीस ते मात्र मला लागलं: "कॉलेजची पोरं बॉल मारतात, त्याला एवढं काय नाचायचं?" आणि मागून बाबांचा आवाज आला, "कशी खेळतात?" तेवढ्यात तुझा कुकर झाला आणि फोन बंद. दोन्ही प्रश्नांची उत्तरं राहिली, म्हणून हे पत्र. बाबांचा प्रश्न आधी घेते. आई, तुझ्यासाठी पुढं एक अख्खा परिच्छेद आहे, त्यात फुटबॉल नाही.

बाबा, वर्ल्ड कपमधून ब्राझील गेलं त्याचं दुःख मला कळतं. क्रोएशियाकडून, तेही टायब्रेकरवर. आणि त्याच रात्री दादाचं अर्जेंटिना टायब्रेकरवरच नेदरलँड्सला हरवून पुढं गेलं, म्हणजे घरात दोन दिवस काय वातावरण असेल ते मी इथं बसून सांगू शकते. चौकातला नेमारचा कटआउट उतरवला का अजून तसाच आहे? पण काल मोरोक्कोनं पोर्तुगालला काढलं ते तुम्ही पाहिलं असणार. पाच सामन्यांत त्यांनी एकच गोल खाल्लाय आणि तोही त्यांच्याच माणसाच्या पायाला लागून गेलेला. तुम्हाला आवडणारा संघ आहे तो. आमची इंडियाना विद्यापीठाची पोरं साधारण त्याच जातीची आहेत, एवढं सांगितलं तर तुम्हाला निम्मं कळेल.

बाकीचं निम्मं सांगते. या विद्यापीठात मुलांच्या सॉकर संघाचा मान मोठा आहे. इथं फुटबॉल म्हटलं की हातात धरून पळायचा तो खेळ, आपल्याला सॉकरच म्हणावं लागतं, त्याची आता सवय झाली. जेरी येगली नावाच्या माणसानं १९६३ पासून दहा वर्षं हा संघ नुसता क्लब म्हणून चालवला. विद्यापीठानं त्याला अधिकृत संघ म्हणून घेतलं ते १९७३ साली. त्यानंतर २००३ पर्यंत येगलींनी सहा राष्ट्रीय विजेतेपदं आणली आणि सहावं घेऊनच ते निवृत्त झाले. आता त्यांचा मुलगा टॉड येगली प्रशिक्षक आहे, तो स्वतः वडिलांच्या हाताखाली इथंच खेळलेला. संघाची एकूण आठ विजेतेपदं आहेत, शेवटचं २०१२ चं. म्हणजे यंदा बरोबर दहा वर्षं कोरडी गेली. कोरडी म्हणजे तरी काय, २०१७ ला फायनल हरले, मागच्या मोसमाआधीची जी करोनामुळं २०२१ च्या मे महिन्यात खेळवली तीही हरले. दोन्ही वेळा एका गोलानं आणि दोन्ही वेळा जादा वेळेत. आपल्याकडं कोल्हापुरात पाटाकडील नाहीतर दिलबहार तालमीच्या माणसाला असं दोनदा झालं असतं तर त्यानं पेठेतनं फिरणं सोडलं असतं.

मैदानाला बिल आर्मस्ट्राँग स्टेडियम म्हणतात. मैदानाच्या भोवतीनं सायकलींच्या शर्यतीचा ट्रॅक आहे, एप्रिलात इथं विद्यार्थ्यांची मोठी शर्यत होते. त्या ट्रॅकमुळं प्रेक्षक मैदानापासून जरा लांब बसतात. शाहू स्टेडियममध्ये थ्रो घेणाऱ्या पोराला मागून चार सल्ले मिळतात, तसं इथं करता येत नाही. लोक सभ्य आहेत. पंचाला शिव्या देतात, पण व्याकरण सांभाळून.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला काही दिसलंच नाही. सगळे पळतायत, बॉल इकडून तिकडं. मग तुमचं वाक्य आठवलं. मी दहा-अकरा वर्षांची असेन, दादाला ताप होता म्हणून त्याच्या जागी तुम्ही मला स्टेडियमवर नेलं होतं. तुमचा स्वतःचा खेळ गुडघ्यापायी सुटून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी बॉलमागं मान फिरवत होते आणि तुम्ही म्हणालात, "बॉलकडं काय बघतीस, बॉल कुणीपण बघतंय. मागच्या बॅककडं बघ." तेव्हा कंटाळा आला होता. शेंगा संपल्यावर तर फारच. पण इथं तसं बघायला लागले आणि अर्ध्या तासात खेळ उलगडला.

तर मागचे चौघं. मधल्या दोघांतला मोठा डॅनियल म्युनी, डोक्यावरचा बॉल सहसा सोडत नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उगाच पुढं जात नाही. त्याच्या शेजारी जोई माहेर, पहिल्या वर्षाचा पोरगा. म्युनी त्याला हातानं जागा दाखवत असतो, पुढं ये, मागं हो, आत ये. मी कधीकधी दहा-दहा मिनिटं फक्त तो हातच बघते. गोली हार्म्स शांत आहे. हे लोक मागून छोटे पास देत खेळ सुरू करतात, पण अंगावर कुणी आलं की हट्ट धरत नाहीत, सरळ लांब मारून मोकळे. पुढं रायन विटनब्रिंक. यंदा संघाचे सर्वांत जास्त गोल त्याचेच आहेत, बाजूनं आत सरकत येतो आणि बॉल पायाशी घेऊन वर बघतो, हे वर बघणं मला फार आवडतं. हर्बर्ट एन्डेली पळायला लागला की समोरच्या बॅकची दया येते.

दोष सांगू? गोल कमी. ताबा असतो, कॉर्नर मिळतात, बॉल जाळ्यात जात नाही. त्यात यंदापासून इथं साखळी सामन्यांतली जादा वेळच काढून टाकली, नव्वद मिनिटांत सुटलं नाही की बरोबरी. त्यामुळं आमच्या बरोबऱ्या इतक्या झाल्या की तुमचा नातू विचारायला लागला, आपण कधी जिंकतो का? तो स्वतः शनिवारी नऊ वर्षांखालच्यांत खेळतो, तिथं सगळेच जिंकतात. नोव्हेंबरात बिग टेनच्या, म्हणजे आमच्या विद्यापीठांच्या गटाच्या, फायनलला रटगर्सनं हरवलं तेव्हा मीही घरी येऊन म्हटलं, झालं यंदाचं.

पण देशभराच्या स्पर्धेचं असं आहे. अठ्ठेचाळीस संघ, त्यांतल्या सोळांना मानांकन, त्यांना पहिली फेरी माफ आणि दुसरी फेरी घरच्या मैदानावर. आम्हाला तेरावं मानांकन मिळालं. कुणी नाक मुरडलं, पण २०१२ ला जिंकले तेव्हा सोळावं होतं, हे इथले जुने लोक लगेच काढून दाखवतात. शिवाय वरच्या मानांकनाचे संघ आपल्या आपण हरत गेले आणि आम्हाला तीन सामने घरीच मिळाले. सेंट लुईस, मग मार्शल, मग नॉर्थ कॅरोलिनातलं ग्रीन्सबरो. मार्शल म्हणजे २०२१ ची ती फायनल आमच्याकडून नेणारा संघ. त्या दिवशी मी थर्मल, स्वेटर आणि वर जावईबापूंचं जाकीट घालून बसले होते आणि शेवटची पाच मिनिटं उभी होते. इथं घड्याळ उलटं चालतं बाबा, पंचेचाळीसपासून शून्याकडं. पंच मनगटाकडं बघून वेळ वाढवत नाही, सगळ्यांना फलकावर दिसतं. तुम्हाला पटणार नाही. पण आघाडीवर असताना शेवटचे दहा सेकंद सगळं मैदान मोजतं, ते एकदा ऐकायला हवं.

शुक्रवारी नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला सेमी झाली, पिट्सबर्गला २-०. या स्पर्धेत चार सामने झाले आणि चारांतही गोल खाल्ला नाही. म्हणून ओरडले मी, आई.

आता उद्याची फायनल. समोर सिराक्यूज. तिसरं मानांकन, एसीसी या दुसऱ्या गटाचे विजेते, आणि फायनलला पहिल्यांदाच आलेत, त्यामुळं गमावायला काही नाही असं खेळतील. मागं तीन बॅक ठेवतात, बाजूचे दोघं सारखे वर-खाली. पुढं दोघं, कॅनडाचा लेव्हॉन्टे जॉन्सन आणि घानाचा नेथन ओपोकू, दोघंही वेगवान आणि एकमेकांना न बघता पास देणारे. म्युनी आणि माहेर त्यांना सांभाळतील, पण एक शंका आहे. आमचे बाजूचे बॅक वर गेले की मधल्या दोघांना त्या दोघांशी उघड्यावर पळत जुगलबंदी करावी लागेल, आणि माहेर अजून पोरगा आहे. उलट त्यांचे बाजूचे खेळाडू वर गेले की तीन बॅकच्या कडेला मोठी मोकळी जागा पडते, तिथं एन्डेलीला सोडलं तर मजा आहे. मी टॉड येगली असते तर पहिली वीस मिनिटं काहीच केलं नसतं, नुसतं बसून राहिले असते. तुम्ही काय केलं असतं?

खेळाडू बदलण्याचा नियमही इथं निराळा आहे, तो आधीच सांगून ठेवते म्हणजे मंगळवारी पहाटे तुम्ही मला सारखं विचारणार नाही. पूर्वार्धात बाहेर गेलेला त्या अर्ध्यात परत येत नाही, पण उत्तरार्धात बाहेर गेलेला एकदा परत येऊ शकतो. हो, परत! मोसम ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत कोंबलेला, आठवड्याला दोन सामने आणि मधे परीक्षा, म्हणून ही सवलत असावी. त्यामुळं पुढची माणसं दम निघेपर्यंत दाब टाकतात, बसतात, पाणी पितात, पुन्हा येतात. तुमच्या काळी असं असतं तर तुमचा गुडघा वाचला असता का, असं माझ्या मनात येऊन जातं.

माझा हिशोब असा आहे की एक गोल खाल्ला तरी चालेल, दोन खाल्ले तर कठीण. दोन गोलांची उधारी फेडणारा हा संघ नाही. टायब्रेकरवर गेला तर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहणार. शुक्रवारपासून मला टायब्रेकर या शब्दाचीच धास्ती बसलीय.

आई, हा तुझा परिच्छेद. मेथीचे लाडू पोचले, डबा थोडा चेपलाय, लाडू धड आहेत. जावईबापू रोज एकच खातो असं सांगतात, डबा वेगळं सांगतो. कांदा-लसूण मसाला अजून दीड डबा आहे, इतक्यात पाठवू नकोस. गेल्या रविवारी तांबडा-पांढरा केला, पांढरा फुटला. नारळाचं दूध घातल्यावर आच बारीक करायची हे मला माहीत होतं, तरी फुटला, कारण गॅस नाही, विजेची शेगडी आहे आणि तिला बारीक म्हणजे काय ते कळत नाही. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ही पोरं वर्गातली असतात म्हणूनच नाचायचं. आमच्या इमारतीतल्या कॉफीच्या रांगेत त्यांतला एक परवा माझ्या पुढं उभा होता, पायाला बर्फाची पिशवी बांधलेली, हातात परीक्षेच्या नोट्स. त्याची आईपण कुठंतरी त्याला जेवलास का विचारत असेल. (बघ, तरी फुटबॉल आलाच.)

कॅरीला जायचं मनात होतं. गाडीनं नऊ-दहा तास, मंगळवारी ऑफिस, नातवाची शाळा. नाही जमत. घरीच टीव्हीवर बघू.

सामना सोमवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे तुमच्याकडं मंगळवारी पहाटे साडेचार. तिकडं दिसणार नाही, म्हणून मी टीव्हीसमोर स्टूल ठेवून त्यावर फोन उभा करणार आहे. चित्र धूसर येईल. पण बाबा, तुम्हाला बॉल दिसायची गरजच नाही, मागचे चौघं कुठं उभे आहेत तेवढं दिसलं की झालं. तुम्ही बघून मला सांगायचं. तसे तुम्ही चारला उठताच. मंगळवारी रात्री पुन्हा साडेबाराला अर्जेंटिना-क्रोएशिया आहे, त्यासाठी दुपारी दोन तास झोपायचं, दादाला मी तसं बजावलंय. तुम्ही क्रोएशियाच्या बाजूनं बसणार हे मला ठाऊक आहे, घरात भांडण नको.

आणि डोळ्यात औषध घातल्यावर अर्धा तास स्क्रीनकडं बघायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे थेंब चार वाजताच. आई, तू चारचा गजर लाव, थेंब तूच घाल, ते स्वतः घालतात तेव्हा निम्मं गालावर जातं. मग चहा ठेव. मी सव्वाचारला फोन करते.

तुमची,
चिमी